पंचगंगेच्या पातळीशेजारी क्लोरिनची पण एक ओळ छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की तुमच्या पेपरात रोज राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी येते. 39 फुटाला इशारा आणि 43 फुटाला धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरांना पण पाठ झालंय. त्या आकड्याशेजारी अजून एक ओळ छापा, एवढ्यासाठी हे पत्र लिहितोय. आज नळाच्या पाण्यात क्लोरिन किती आहे, ती ओळ. मी घरात मासे पाळणारा माणूस आहे, पण विनंती मनापासून आहे, तेवढी वाचा.

माझ्याकडं 5 बाय 2 बाय 2 फुटांचा टँक आहे. काठोकाठ भरला तर 566 लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा सोडून 500 धरा. त्यातलं पाव, म्हणजे सव्वाशे लिटर पाणी दर रविवारी बदलतो. घरी येणारे विचारतात, पाणी तर काचेसारखं दिसतंय, मग बदलायचं कशाला? दिसण्यावर जाऊ नका. माशांच्या घाणीतनं आणि उरलेल्या खाण्यातनं अमोनिया होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट डोळ्याला न दिसता साठत राहतं. टँकमधली झाडं थोडं खातात, बाकीचं बाहेर काढायला पाणी बदलण्याशिवाय इलाज नाही. आणि साठलेलं पाणी हळूहळू आम्लाकडं पण झुकत जातं.

आता 2019 चं सांगतो. ऑगस्टच्या त्या महापुरात पाणी उपसा केंद्रंच बुडाली आणि शहराचे नळ कोरडे पडले. प्यायच्या पाण्यासाठी टँकरपुढं रांगा, तिथं माशांसाठी पाणी कुठनं आणणार? खाणं जवळपास बंद केलं, दोन-तीन दिवसातनं एकदा चिमूटभर, आणि मासे तगले. मग नळाला पाणी आलं त्या दिवशी आनंदाच्या भरात मी अर्धा टँक उपसला आणि नळाची पाइप थेट आत सोडली. माझे दोन ऑस्कर जातीचे मासे होते, सहा वर्षं वाढवलेले, तळहातापेक्षा मोठे, खायला हातापाशी यायचे. अर्ध्या तासात दोघं वर येऊन तोंड उघडून धापा टाकायला लागले. एक त्याच रात्री गेला, दुसरा तिसऱ्या दिवशी.

शेजारी म्हणाले रोग पडला असंल. रोग नव्हता. क्लोरिननं कल्ले भाजतात, आणि फिल्टरमधले जिवाणू पण मरतात, त्यामुळं पहिल्या दिवशी वाचलेला मासा दोन दिवसांनी वाढलेल्या अमोनियानं जातो. त्यात पाणी बरेच दिवस बदललेलं नसलं की अजून घात, कारण आम्लाकडं झुकलेल्या पाण्यात अमोनिया कमी विषारी रूपात पडून असतो आणि ताजं पाणी एकदम भरपूर पडलं की तोच विषारी होतो. दसऱ्या-दिवाळीच्या साफसफाईत लोक टँक पूर्ण रिकामा करून, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतात आणि मग मासे का मेले म्हणून विचारतात, त्याचं कारण पण हेच. थोडं बदला पण नेमानं बदला, आणि स्पंज टँकमधनं काढलेल्या पाण्यातच पिळा.

क्लोरिन घालू नका असं माझं म्हणणं नाही. पुरानंतर गॅस्ट्रो आणि काविळीची भीती असते, आणि गढूळ पाण्यात क्लोरिन खर्ची पडतो म्हणून डोस वाढवावाच लागतो. मी आता 200 लिटरच्या निळ्या बॅरेलमध्ये शनिवारीच पाणी भरून रात्रभर एअर पंप लावून ठेवतो, रविवारी मोटरनं टँकमध्ये चढवतो. ज्यांच्याकडं बॅरेलला जागा नाही ते हायपो टाकतात, दुकानात अँटीक्लोरिन म्हणून मिळतं तेच. पण किती टाकायचं? 1 मिलिग्रॅम क्लोरिन मारायला साधारण 7 मिलिग्रॅम हायपो लागतं. सव्वाशे लिटर पाण्यात क्लोरिन लिटरला 0.2 मिलिग्रॅम असेल, म्हणजे मानकाप्रमाणे नळाला किमान असायला पाहिजे तेवढं, तर पाव ग्रॅमच्या आत काम होतं. तेच 2 मिलिग्रॅम असेल तर पावणेदोन ग्रॅम लागतं. दहापट फरक झाला की, आणि आकडा माहीत नसताना माणूस अंदाजानं टाकतो.

पाण्यातला उरलेला क्लोरिन तपासणं हे पाणीपुरवठ्याचं नेहमीचंच काम आहे, ओटी टेस्टचा, म्हणजे थेंब टाकल्यावर क्लोरिन असेल तर पाण्याला येणारा तो पिवळा रंग, गावातल्या ग्रामपंचायतीत पण बघतात. म्हणजे आकडा असतोच, फक्त तो आमच्यापर्यंत येत नाही. तुम्ही रोज मागून घेतला आणि पावसाळ्याचे चार महिने बंधाऱ्याच्या पातळीशेजारी छापला तर लय उपकार होतील. रोज जमत नसेल तर निदान डोस वाढवला त्या दिवशी तरी छापा, ‘पाणी उकळून प्या’ च्या बातमीखालीच.

आपला एक नेहमीचा वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर