वनस्पतिउद्यान म्हणजे केवळ बाग नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उद्यानांच्या विकासकामांच्या बातम्या मी गेली काही वर्षे नेमाने वाचते आहे. त्यांत संगीत कारंजे असते, रंगीत दिव्यांचे बोगदे असतात, मुलांची छोटी आगगाडी असते आणि फोटो काढण्यासाठी मुद्दाम उभारलेले कोपरेही असतात. कोणते झाड कोठून आणले, ते का लावले आणि त्याची नोंद कोण ठेवणार, हे मात्र त्या बातम्यांत कधी दिसत नाही, कारण बहुधा ते आराखड्यातच नसते. साध्या बागेबद्दल माझी याला हरकत नाही. संध्याकाळी म्हाताऱ्यांना बसायला बाक आणि पोरांना पळायला हिरवळ मिळाली की तिचे काम झाले. परंतु ज्या फाटकावर ‘वनस्पतिउद्यान’ अशी अक्षरे आहेत, त्या फाटकाच्या आतही हाच हिशेब चालू लागला आहे, आणि 31 वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवल्यानंतर त्याविषयी गप्प बसणे मला जमत नाही.

बाग आणि वनस्पतिउद्यान यांतला फरक झाडांच्या संख्येत किंवा वयात नाही, तो नोंदवहीत आहे. हे रोप कोणत्या डोंगरावरून, कोणत्या उंचीवरून, कोणत्या साली आणि कोणी आणले, ते बियांपासून वाढवले की कलमाने, त्याचा वाळवलेला नमुना कोणत्या संग्रहात ठेवला आहे, हे ज्या बागेला सांगता येते ती वनस्पतिउद्यान होय. झाडाला लावलेली पाटी ही त्या नोंदवहीची जनतेला दिसणारी बाजू आहे. नोंद नसलेले दुर्मीळ झाड संवर्धनाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असते, कारण उद्या ते त्याच्या मूळ जागी परत लावायचे ठरले तर मूळ जागा कोणती, हेच कोणाला ठाऊक नसते.

पाटीचे महत्त्व ज्यांना किरकोळ वाटते त्यांनी आपल्या सोसायटीच्या कुंपणाकडे पाहावे. तेथे भालदारासारखे सरळसोट उभे असलेले, लांबट, कडांना नागमोडी पाने असलेले झाड आपण अशोक म्हणून ओळखतो. तो आसोपालव, म्हणजे खोटा अशोक. खरा सीताअशोक बुटका, पसरट, दाट सावलीचा असतो. त्याची कोवळी पाने तांबूस व लोंबती असतात, आणि वसंतात फांद्यांवर केशरी-तांबड्या फुलांचे झुबके येतात. आयुर्वेदात स्त्रियांच्या विकारांवर ज्या अशोकाची साल सांगितली आहे तो हा. आणि बाजारात त्या सालीत आसोपालवाच्या सालीची भेसळ होते, ही जुनी व सर्वज्ञात गोष्ट आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सीताअशोक दाखवायला नेत असे, तेव्हा एखादी तरी मुलगी हमखास म्हणायची, ‘‘मॅडम, मग आमच्या दारात काय आहे?’’ चार ओळींची पाटी जे शिकवते ते वर्गातल्या चाळीस मिनिटांत शिकवता येत नाही, हे मी स्वतःच्या धंद्याविरुद्ध जाऊन कबूल करते.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. दापोडी म्हटले की आज कोणालाही एसटीचे वर्कशॉप आठवते. पण तेथे 1828 साली सरकारी वनस्पतिउद्यान सुरू झाले होते. 1838 पासून त्याचा कारभार पाहणारे अलेक्झांडर गिब्सन पुढे 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, म्हणजे इथल्या वनखात्याची मुळी एका बागेत रुजली, असे म्हटले तरी चालेल. गणेशखिंडीची बाग 1873 ची, आणि 2020 मध्ये तिला राज्य सरकारने जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. भायखळ्याच्या राणीच्या बागेचे उद्घाटन 1862 साली गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते झाले. हे फ्रियर नाव लक्षात ठेवावे, त्याचे एक वेगळे कारण आहे.

शिवनेरी, पुरंदर अशा किल्ल्यांच्या कड्याकपारींत शिंदळ माकुडी नावाची एक मांसल, बुटकी वनस्पती सापडते. पावसाळ्यात तिला पाने फुटतात, उन्हाळ्यात ती गळून नुसते खोड उरते, आणि तिच्या किरमिजी, चांदणीसारख्या फुलांकडे माश्या येतात. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिला या गव्हर्नरांच्या नावावरून ‘फ्रेरिया’ हे नाव दिले. सह्याद्रीचा हा तुकडा सोडला तर ती जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिकरीत्या उगवत नाही. गडावर जाणाऱ्या शंभर जणांपैकी एकालाही ती ओळखता येत नसावी, असा माझा अनुभव आहे. गव्हर्नरांचे नाव मिरवणारी ही वनस्पती गव्हर्नरीणबाईंनी उघडलेल्या बागेत ठळक पाटीसह दिसायला नको का? तिची रोपे करणे अवघड नाही. खोडाच्या तुकड्यांपासून ती वाढते. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने ती वाढवून पाहिली आहे. अडचण तंत्राची नाही, ती दाखवण्याच्या इच्छेची आहे.

वनस्पतिउद्यान काय करू शकते याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण कोल्हापूरचे आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया, या वेलींचा संग्रह उभा केला. ग्रामीण भागात यांना खरपुडी म्हणतात. भारतात यांच्या 50 हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक भारताबाहेर आढळत नाहीत. त्यातही सह्याद्रीचा वाटा मोठा. एखादी जात अंजनेरीच्या डोंगरावर, एखादी हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर, एखादी सिंधुदुर्गातल्या सड्यावर, असे त्यांचे छोटे छोटे संसार आहेत. फूल अगदी कंदिलासारखे असते. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात; बारीक माशी घसरून आत जाते आणि केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. फूल तिला ठेवून घेते, तिच्या अंगाला परागपिंड, म्हणजे परागकणांचे पुंजके, चिकटतात, मग केस कोमेजतात आणि माशी सुटून दुसऱ्या फुलाकडे जाते. हे सगळे नीट जुळून आले तरच शेंग धरते. शिवाय जमिनीखालचा कंद गोड लागतो; गुराख्यांची पोरे तो उकरून खातात, रानडुकरे आणि साळिंदरेही खातात. पठारावर खाण आली, रिसॉर्ट आले किंवा नुसता गाड्यांचा तळ पडला, तरी एखाद्या जातीचे सगळे घरदार एका हंगामात उठते. अशा वेळी कुंडीतले चार कंद, त्यांच्या नोंदीसह, हीच विम्याची पावती ठरते.

जागतिक पातळीवर हेच आकड्यांत मांडले गेले आहे. वनस्पतिसंवर्धनाच्या जागतिक धोरणाने 2020 पर्यंत धोक्यातील किमान 75 टक्के जाती अधिवासाबाहेर, शक्यतो त्यांच्याच देशात, जतन कराव्यात आणि किमान 20 टक्के जाती पुनर्स्थापनेसाठी उपलब्ध असाव्यात, असे लक्ष्य ठेवले होते. मुदत उलटून गेली. आपल्या राज्यातल्या सगळ्या वनस्पतिउद्यानांनी मिळून सह्याद्रीच्या किती जाती राखल्या आहेत, याची एकत्र आणि सर्वांना पाहता येईल अशी यादी असावी, एवढीही मागणी मोठी ठरू नये.

उद्यानांची तरफदारी करताना त्यांचे दोष झाकायचे कारण नाही. ज्या घाणेरीने आज आपली माळराने आणि जंगलांच्या कडा गिळल्या आहेत, ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आली होती. कुंडीतले संवर्धन हे कड्यावरच्या संवर्धनाला पर्यायही नव्हे. दोनचार कंदांपासून वाढवलेल्या शंभर वेली दिसायला शंभर असतात, पण त्यांची आनुवंशिक पुंजी त्या दोनचार कंदांएवढीच असते. आणि जवळजवळ ठेवलेल्या दोन जातींचा संकर झाला तर मूळ जातच हरवते. म्हणून ‘आम्ही रोपे जपली आहेत, आता पठार मोकळे करा’ असा युक्तिवाद कोणी करू लागला, तर त्याला सर्वांत आधी वनस्पतिउद्यानांनीच विरोध केला पाहिजे.

लोकसहभागाचा आता फार गाजावाजा होतो. तो म्हणजे वृक्षदिनी शाळेच्या मुलांना रांगेत उभे करून खड्ड्यात रोप ठेवायला लावणे नव्हे. केरळातील पालोडच्या वनस्पतिउद्यानाची कथा या संदर्भात सांगण्यासारखी आहे. 1987 मध्ये अगस्त्यमलैच्या रानात संशोधकांबरोबर वाट दाखवायला गेलेले काणी आदिवासी चालता चालता एक फळ चघळत होते आणि थकत नव्हते. ते फळ आरोग्यपच्चा नावाच्या वनस्पतीचे. तिच्यावर पालोडला संशोधन झाले, ‘जीवनी’ हे औषध तयार झाले, 1995 मध्ये ते एका औषध कंपनीला परवान्याने दिले गेले, आणि परवाना शुल्क व स्वामित्वधन यांतला निम्मा वाटा काणी समाजासाठी ठरला. पुढे वनस्पती गोळा करण्याच्या परवानग्यांवरून हे काम अडखळले, ते तितके सरळ राहिले नाही. तरीही ज्याच्याकडून ज्ञान घेतले त्याला वाटा द्यायचा, हा पायंडा एका उद्यानाने पाडला. खरपुडीचा कंद कोठे सापडतो हे विद्यापीठाआधी गुराख्याला ठाऊक होते. त्याचे नाव आमच्या कोणत्या पाटीवर आहे?

राणीच्या बागेचा अनुभव आणखी वेगळा आहे. 2007 पासून तेथील वनस्पतींसाठी मुंबईतले नागरिक उभे राहिले. त्यांतले अनेक जण शास्त्रज्ञ नव्हते. सकाळी फिरायला येणारी, झाडे मोजणारी, नावे लिहून ठेवणारी ती माणसे होती. 2016 मध्ये पेंग्विन आले तेव्हा गर्दी वाढली, हे खरे; पण गोरखचिंचेच्या अवाढव्य बुंध्याजवळून आणि उर्वशीच्या झाडाजवळून पुढे जाणाऱ्या त्या गर्दीला थांबवण्यासाठी तेवढाच खर्च आणि तेवढीच कल्पकता वापरली गेली असे मला दिसले नाही.

एका गावातल्या उद्यानात, त्याचे नाव लिहीत नाही, माझ्या विद्यार्थ्यांनी 1998 साली 60 झाडांना पत्र्याच्या पाट्या केल्या होत्या. मागच्या वर्षी तेथे गेले तेव्हा 11 उरल्या होत्या. बकुळीची पाटी करंजाला खिळा ठोकून लावलेली होती, आणि बकूळ जेथे होती तेथे काचेच्या तुकड्यांचा डॉल्फिन उभा आहे. चौकशी केल्यावर देखरेख करणाऱ्या माळीदादांनी सांगितले की त्यांना ही सर्व झाडे नावानिशी ठाऊक आहेत, पण कोणी कधी विचारले नाही. आणि ते पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत.

म्हणून संबंधितांकडे माझ्या मागण्या अशा आहेत की, ज्या उद्यानांना ‘वनस्पतिउद्यान’ म्हणवून घ्यायचे आहे त्यांना झाडांची नोंदवही ठेवणे बंधनकारक करावे आणि ती लोकांना पाहता यावी. पाटीवर शास्त्रीय नावासोबत मराठी नाव, मूळ ठिकाण आणि स्थानिक उपयोग देवनागरीत असावा. कारंज्याच्या देखभालीइतकी तरी तरतूद नोंदणीसाठी एक प्रशिक्षित माणूस नेमण्यासाठी असावी. आणि वर्षातून काही दिवस उद्यानाच्या रोपवाटिकेतून सीताअशोक, बकूळ, सुरंगी, नागकेशर यांची रोपे, आणलेल्या ठिकाणाच्या नोंदीसह, नागरिकांना मिळावीत. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. पाट्यांचा मजकूर लिहून द्यायला मी आणि माझ्यासारखे निवृत्त झालेले तीन सहकारी विनामोबदला तयार आहोत. आमच्या जिल्ह्यातील एखाद्या उद्यानाने ते माळीदादा कामावर आहेत तोवर, येत्या पावसाळ्याआधी, आम्हाला बोलावले तर त्यांच्या तोंडची नावे आम्ही सर्वांत आधी उतरवून घेऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, कराड