अक्का, तो चहाचा हिशेब

प्रिय अक्का,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीच म्हणालात, "माझं काय त्यात टीचर, डॉक्टरांचं लिहा." दात सरळ करून दिल्याबद्दल डॉक्टरांना पेढे देऊन झाले, आभारही मानून झाले. हे पत्र मात्र त्यांच्या दवाखान्यात मदतीला असणाऱ्या तुम्हाला.

दातावर दात असला की बाई भाग्याची, असं माझी आजी म्हणायची. माझ्या वरच्या डाव्या सुळ्याने ते भाग्य 43 वर्षं मिरवलं. खालचे पुढचे चार दात तर गड्ड्याच्या यात्रेत उभे असल्यासारखे, एकाचा खांदा दुसऱ्याच्या पुढे. लहानपणी तारा लावायचा विषय घरात कधी निघालाच नाही. भावंडांच्या फिया वेळेवर जायच्या हेच पुष्कळ होतं. पुढे फोटोत ओठ मिटून उभं राहायची सवय लागली आणि हसताना पदर आपोआप वर जायला लागला. शिक्षिकेला दिवसभर तोंड उघडूनच काम करायचं असतं, हा भाग वेगळा.

तुमच्याकडे यायच्या आधी मी एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथे खुर्चीत बसल्या बसल्या हप्त्यांचा तक्ता हातात आला. ब्रश करताना रक्त येतं म्हटलं, तर "होतं तसं" एवढंच उत्तर. तुमच्याकडे उलटं. आधी दात साफ केले, हिरड्या बऱ्या होईपर्यंत 2 महिने थांबवलं. मला रागच आला होता. सुजलेल्या हिरड्यांवर दात सरकवायला गेलं तर आतलं हाडच झिजतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. पण मी घरी गेल्यावर रोज दोऱ्याने दातांच्या फटी साफ करते की नाही, हे विचारायला फोन तुमचा यायचा.

मग तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवून स्कॅन झालं, पडद्यावर माझे दात सरकत सरकत जागेवर गेले आणि वरच्या-खालच्या अलायनरच्या 26 जोड्यांचा आकडा निघाला. अलायनर म्हणजे दात हळूहळू सरकवणारं, दातांवर चढवायचं पातळ प्लास्टिकचं कव्हर, खाता-पिताना काढायचं. एक जोडी 10 दिवस. एका अलायनरने दात सरकतो तो पाव मिलिमीटरच्या आसपास. प्लास्टिकला पकड मिळावी म्हणून दातांवर पांढरे बारीक ठिपके चिकटवले. त्या ठिपक्यांभोवती शेंगाचटणीचे कण कसे बसतात ते सोलापूरकरांनाच कळेल. दुसऱ्याच आठवड्यात कडक भाकरीने एक ठिपका उडवला. "आमटीत बुडवून खा ना," म्हणालात, "भाकरी रुसत नाही."

पहिले चार दिवस माझा 'स' गेला. सोलापूर म्हणताना थोलापूर! सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर खसखस पिकली. तुम्ही सांगितलं, रोज अर्धा तास पेपर मोठ्याने वाचा. वाचला, अगदी निविदांच्या जाहिरातींसकट. पाचव्या दिवशी 'स' परत आला.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट तिसऱ्या जोडीची. तपासणीला आले तेव्हा डॉक्टर आत दुसऱ्या पेशंटकडे होते. तुम्ही माझा ओठ वर केला आणि सुळ्याशेजारच्या लहान दातापाशी थांबलात. प्लास्टिकची कड आणि दाताचं टोक यांच्यात कागद सरकेल एवढी फट होती. दात मागे राहिला होता, अलायनर पुढे निघून गेला होता.

"किती तास घालता?"

"22." डॉक्टरांनी सांगितलेला आकडा मला पाठच होता.

"चहा किती?"

"दोन."

तुम्ही काही बोलला नाहीत. नुसत्या बघत राहिलात.

"चार," मी म्हणाले.

मग तुम्ही माझ्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. नाश्ता, डबा, रात्रीचं जेवण, धरा 2 तास. एक चहा म्हणजे काढणं, पिणं, गप्पा, चूळ, परत घालणं, धरा 40 मिनिटं. चार चहांचे 2 तास 40 मिनिटं. 24 तासांतून हे वजा केलं की 19 तास 20 मिनिटं. गणित मी शिकवत नाही, पण एवढं मला यायला हवं होतं. वर तुम्ही म्हणालात, "आमची आई विड्या वळायची. हजार म्हणजे हजार. दहा कमी भरल्या तर कारखान्यात बरोबर कळायचं. दातांचं पण तसंच आहे टीचर, त्यांना खोटं सांगता येत नाही."

डॉक्टरांनी मागची जोडी पुन्हा 7 दिवस घालायला लावली, चावायला ते रबरासारखे गुंडाळे दिले. तुम्ही दिलं ते वेळापत्रक: चहा सुटणार नसेल तर सकाळचा नाश्त्याला चिकटवा आणि दुसरा डब्याला. काढल्याची वेळ आणि घातल्याची वेळ कालनिर्णयच्या चौकोनात लिहा. खोटं लिहायचं असेल तर लिहूच नका. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या हातात कप आणि माझ्या हातात पाण्याची बाटली, हे सहकाऱ्यांना अजून पटलेलं नाही. पण फट भरली.

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाचं तर विचारू नका. तिळगूळ खायला म्हणून खालचा अलायनर काढला, कागदी रुमालात गुंडाळला आणि तो रुमाल डिशांबरोबर कचऱ्यात गेला. डबी पर्समध्ये, रिकामी. रात्री 9 ला तुम्हाला फोन केला तेव्हा माझा आवाज रडवेला होता. "जुनी जोडी टाकू नका म्हटलं होतं, ठेवली ना?" ठेवली होती. "आज रात्री तिच्यातला खालचा घाला, दात मागे सरकायला नकोत. सकाळी या." आणि मग ओरडलात. रुमालावरून नीट ओरडलात, अगदी माझी मोठी बहीण ओरडते तसं.

मे महिन्यात स्कूटीच्या डिक्कीत डबी ठेवू नका, हे मला कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालं नसतं. ते लिहिणाऱ्यांनी सोलापूरचा मे बघितलेला नसावा. इथे 42-43 अंशांत डिक्कीची भट्टी होते आणि ते पातळ प्लास्टिक वाकडं व्हायला तेवढं पुरतं. गरम पाण्याने धुऊ नका, हेही तुम्ही त्याच दमात सांगितलं होतं.

26 जोड्या संपल्यावरही खालचा एक दात जरा तिरका राहिला. पुन्हा स्कॅन, पुन्हा 9 जोड्या. तेव्हा मी खरंच कंटाळले होते आणि "राहू दे आता" म्हणायलाच आले होते. तुम्ही समजूत घातली नाहीत. कालनिर्णय मागितलं, पानं उलटली, दोन चौकोनांवर बोट ठेवून म्हणालात, "या दिवशी काय झालं? वेळच नाही." त्या दोन दिवशी भाचीचं लग्न होतं. बाकी एकही चौकोन रिकामा नव्हता. ते बघून मीच गप्प झाले आणि 9 जोड्या घेऊन घरी गेले.

ठिपके निघून आता तीन आठवडे झाले. दातांवरून जीभ फिरवली की अजून ओळख पटत नाही. दात परत सरकू नयेत म्हणून रात्री घालायचा रिटेनर चालू आहे. तो कायमचाच, हेही मान्य केलं आहे. चहा पुन्हा चारवर गेलाय, हे तुमच्यापासून लपवत नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर रिटेनर दाखवायला येते. शेंगाचटणी आणते, आईने उखळात कुटलेली. कडक भाकरी तुमच्या घरची.

तुमची,
चार कपवाली टीचर