नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र : आमच्या भिंतीला एक दार हवं

माननीय नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी पुण्याच्या कडेला, नव्याने उभ्या राहिलेल्या एका मोठ्या संकुलात राहते. घरी ब्लाउज शिवते. गेल्या मंगळवारी सकाळी दूध आणायला गेले आणि उजवं मनगट मोडून परत आले. त्यामुळे मी सांगतेय आणि मुलगी टाइप करतेय.

आमच्या गेटबाहेर फुटपाथ आहे, पण तो बिल्डरच्या भिंतीपुरता. भिंत संपली की फुटपाथ संपला. पुढच्या प्लॉटवर काम चालू आहे, खडी पडलीय, पत्रे लावलेत, म्हणून सगळेच रस्त्यावर उतरतात. मीही उतरले. मागून पाण्याचा टँकर आला, मी कडेला सरकले आणि झाकण नसलेल्या चेंबरमध्ये पाय गेला. टँकरवाल्याला मी बोल लावत नाही. त्याला तरी जागा कुठे होती?

शिवणाऱ्या बाईच्या घरात टेप असतोच. प्लास्टर घातल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी जाऊन मोजून आलो. फुटपाथची उंची 11 इंच. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 2012 च्या सूचनांप्रमाणे ती 150 मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे साधारण 6 इंच. चालायला किमान 1.8 मीटर, म्हणजे साधारण 70 इंच, मोकळी रुंदी हवी. आमच्याकडे विजेचा डबा आणि बिल्डरचा फलक सोडून 34 इंच उरतात. माझ्या सासूबाई त्यावर चढूच शकत नाहीत.

साहेब, श्रावण ते दिवाळी हा आमचा हंगाम. 27 ब्लाउज कापून पडलेत आणि मशीन दीड महिना बंद. आगाऊ घेतलेले पैसे मी एकेकीला परत करतेय. हे नुकसान कोणाच्या खात्यात मांडायचं?

आमच्या मागच्या भिंतीला लागून शाळा आहे. तिथली प्रार्थना माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते. सरळ गेलं तर 150 पावलं. पण भिंतीला दार नाही, म्हणून पोरांना मुख्य गेट, डीपी रोड, चौक असा दीड किलोमीटरचा वळसा. त्या रस्त्याने लेकराला चालत कोण पाठवेल? 150 पावलांवरच्या शाळेत मुलं व्हॅनने जातात, आणि त्या व्हॅनमुळे चौकात रोज सकाळी गाड्या तुंबतात.

फ्लॅट घेताना माहितीपत्रकात झाडांखालून सायकल चालवणारी मुलगी होती. ते चित्र बघून माझ्या मुलीने हट्टाने सायकल घेतली. ताबा मिळाल्यावर विचारलं तर बिल्डर म्हणाला, ती सायकल लेन बाहेरच्या रस्त्यावर आहे, तो आमचा विषय नाही. रस्ता ज्यांचा, त्या कार्यालयात तीन खेटे घातले. उत्तर एकच, जागा ताब्यात यायची आहे. मग त्याआधी आमच्या 7 इमारतींना राहायची परवानगी देणारं भोगवटा पत्र कसं मिळालं? आत जॉगिंग ट्रॅक आहे. संध्याकाळी शंभर माणसं त्यावर गोल फिरतात आणि कोथिंबीर आणायला गाडी काढतात, कारण बाहेर पाय ठेवायची सोय नाही.

तुमच्या खात्याच्या 2020 च्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीत केवढ्या फ्लॅटला किती गाड्यांची जागा, याचा तक्ता आहे. नकाशा मंजूर करताना गाड्या मोजता. त्या घरांतली माणसं बसथांब्यावर, शाळेत, दवाखान्यात चालत कशी पोचणार, हे कोण मोजतं? 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात लिहिलंय की वाहनांपेक्षा माणसं महत्त्वाची. पुण्यात 2016 ला पादचारी धोरण झालं, 2017 ला सायकल आराखडा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अजून कोणी सांगायचं राहिलंय? केंद्राच्याच आकड्यांनुसार 2022 या एका वर्षात देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले. 11 डिसेंबरच्या पादचारी दिनाला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद होता, तेव्हा मी एकदा तिथे गेले होते. मधोमध चालले, फार बरं वाटलं. पण तिथे पोचायला घरापासून बसथांब्यापर्यंत डंपर चुकवत गेले होते.

माझे वडील तीस वर्षं सायकलने खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेले. त्यांच्यासाठी वेगळा ट्रॅक नव्हता, तरी आई निर्धास्त असायची. आज ती सायकल घेतलेली नात गेटच्या बाहेर पडत नाही. पूल बांधायला तुमच्याकडे पैसा आहे, मेट्रोला आहे. 34 इंचांचे 70 करायला नाही?

माझं मागणं असं. नवं संकुल मंजूर करताना शेजारच्या शाळेकडे, बाजाराकडे, थांब्याकडे जाणारी पायवाट आणि सायकलवाट नकाशातच सक्तीची करा, आणि ती सलग झाल्याशिवाय भोगवटा पत्र देऊ नका. जुन्या भिंतींना दारं पाडायचा आदेश काढा. आमच्यापासून सुरुवात केलीत तर किल्ली सांभाळायला मी तयार आहे.

चेंबरवर अजून झाकण नाही. मुलीने त्यात बाभळीची फांदी खोवलीय आणि वर लाल अस्तराची चिंधी बांधलीय. ते अस्तर एका गिऱ्हाइकाचं आहे. तिला मी कळवलंय.

आपली,
एक शिवणकाम करणारी बाई, पुणे