रॉक वाहिनीचे पैसे घेऊन 'पार्टी हिट्स' ऐकवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या रेडिओ ॲपचे 1,199 रुपयांचे वार्षिक सबस्क्रिप्शन मी 'चोवीस तास रॉक, मुंबईच्या बँडसह' ही जाहिरात पाहून घेतले. गेल्या महिन्यापासून त्याच बटणावर 'पार्टी हिट्स' वाजते. ना ईमेल, ना मेसेज. ग्राहक सेवेला फोन केला, तर "सर, कंटेंट अपग्रेड झालाय" असे उत्तर मिळाले.

लक्षणे आधीपासून दिसत होतीच. इंडस क्रीड, पेंटाग्राम हे मुंबईचे बँड हळूहळू गायब झाले. आठ मिनिटांचे गाणे साडेतीन मिनिटांत उरकू लागले. गिटारचा सोलो सुरू झाला रे झाला की वर तुमची जिंगल!

मुंबईच्या रॉक श्रोत्याला हे नवे नाही. 1993 मध्ये आकाशवाणीने एफएमचे तास खासगी कंपन्यांना दिले, तेव्हा इंग्रजी गाणी ऐकायला मिळू लागली. 1998 मध्ये ते तास परत घेतले गेले. 2002 मध्ये खासगी केंद्रे सुरू झाली, त्यात गो 92.5 चक्क इंग्रजी बाजाचे होते. पण सरकारला द्यायचे परवाना शुल्क ठरावीक रकमेचे, आणि कमाई होवो न होवो, दरवर्षी 15 टक्के वाढणारे. विन 94.6 हे केंद्र बंद पडले. गो तगले, पण पुढे रेडिओ वन होऊन हिंदी गाण्यांकडे वळले. 2005 च्या धोरणाने शुल्क उत्पन्नाच्या 4 टक्क्यांवर आणले, तरी रॉक काही परतले नाही. जाहिरातदारांचे फ्लॅट आणि साबण सिनेमाच्या गाण्यांवर जास्त खपतात. (रॉकच्या मैफली व्हायच्या ते धोबीतलावचे खुले रंगभवन तर शांतता क्षेत्रात गेले, म्हणजे मैफलही गेली.)

त्या केंद्रांवर माझा राग नाही. एफएम मी फुकट ऐकत होतो. त्यांचे गिऱ्हाईक जाहिरातदार होते. तुमचे गिऱ्हाईक मी आहे. तुम्हाला लिलावात फ्रिक्वेन्सी घ्यावी लागत नाही, की एक वाहिनी लावायला दुसरी काढावी लागत नाही. 'पार्टी हिट्स'ला वेगळे बटण द्यायला कोणी अडवले होते? आणि ऐकणारे कमी झाले हेच कारण असेल, तर ते पैसे घेण्यापूर्वी सांगायचे होते.

तेव्हा रॉक वाहिनी जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे पूर्ववत करावी, नाहीतर उरलेल्या मुदतीचे पैसे ज्या खात्यातून घेतले त्याच खात्यात परत करावेत. 'वॉलेट पॉइंट्स' नकोत. पुढच्या वर्षीचे ऑटो-रिन्यूअल आजच बंद करून तसे लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करीन.

आपला,
एक सबस्क्रायबर, दादर

सोबत: पैसे भरल्याची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट