जुना लेथ घेताना रंगावर जाऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडमधून निघालेले जुने लेथ (धातू फिरवून कातायची यंत्रं) हल्ली घरगुती वर्कशॉपसाठी घेतले जातात. नवा हिरवा रंग पाहून इसार देण्याची घाई मात्र महागात पडते. रंग आणि पुट्टीखाली वेल्डिंग मारलेली भेगही झाकली जाते.

आधी बेड, म्हणजे लेथचा लांब लोखंडी पाया, पाहा. आखूड जॉब (कातायचे तुकडे) चकजवळच, म्हणजे ते धरून फिरवणाऱ्या पकडीजवळच, होतात, म्हणून बेड तिथं जास्त झिजतो. सॅडलचा (बेडवरून सरकणाऱ्या, हत्यार धरणाऱ्या भागाचा) लॉक बोल्ट चकजवळ इतका आवळा की सॅडल जेमतेम सरकेल; मग टेलस्टॉककडे, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाकडे, न्या. वाटेत अडकला, तर चकजवळचा बेड खाल्लेला आहे. बेड पुन्हा सरळ करायच्या ग्राइंडिंग आणि स्क्रॅपिंगचा खर्च पाहता असा लेथ सोडलेला बरा.

चकवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारं घड्याळ) टेकवा आणि चकखाली लाकडी दांडकं घालून उचला. डायलचा काटा 0.05 मिमीपेक्षा जास्त हलला, तर स्पिंडलचा (चक फिरवणाऱ्या दांड्याचा) नट थोडा आवळून लेथ वीस मिनिटं चालवा. बेअरिंगला हात लावता येईना किंवा घरघर आली, तर बेअरिंग बदलावंच लागणार. विकणारा ‘करंट नाही’ म्हणाला, तर करंट असेल त्या दिवशी जा.

क्रॉस स्लाइडचं (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाचं) हँडल अर्धा फेरा मोकळं फिरतं म्हणून घाबरू नका. त्यातला झिजलेला गनमेटलचा नट इथं कुणीही नवा करून देतो. तेवढे पैसे कमी करून घ्या. चक केवढा हे सगळे विचारतात, चेंज गिअर (आटे काढताना बदलायचे गिअर) कुणी मोजत नाही. इंची लीड स्क्रूवर (आटे काढताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूवर) मिलिमीटरचे आटे अचूक काढायला 127 दातांचा गिअर लागतो, कारण पाच इंच म्हणजे बरोबर 127 मिमी.

घरी हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) सिंगल फेज असेल, तर लेथची थ्री फेज मोटर व्हीएफडीवर, म्हणजे सिंगल फेजचं थ्री फेज करून देणाऱ्या ड्राइव्हवर, चालते. पण हा ड्राइव्ह 230 व्होल्टच देतो आणि तीन एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा 415 व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वायंडिंगचं एकेक टोक एकत्र) जोडलेल्या असतात. त्या डेल्टात (वायंडिंग टोकाला टोक, त्रिकोणात जोडून) घ्याव्या लागतात. मोटरमधून बाहेर तीनच वायरी आल्या असतील, तर वायंडिंगवाल्याकडून स्टारचा जोड उघडून सहा काढून घ्या. लेथचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये ठेवू नका; चालू मोटर त्यानं तोडली की ड्राइव्ह जळू शकतो.

आणि पावसाळ्यात, खानापूरकडे तर नक्कीच, बेडवर जाड तेलाचा हात हवा. ओलं पोतं टाकून ठेवलेल्या बेडला चार दिवसांत गंज धरतो.

आपला,
एक टर्नर, अनगोळ, बेळगाव