तिरफळाला सिचुआनची ओळख कशाला?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोव्यात बार्देश तालुक्यातल्या एका बिस्ट्रोवर (छोट्या रेस्टॉरंटवर) पानभर लेख आला होता. तिथले शेफ नावाजलेले, टीव्हीवर दिसणारे. तो वाचून मुलानं ठरवलं की आईची पासष्टी तिथंच करायची. मी सावईवेऱ्याची. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले, आता घरचं कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, बघते. लग्नकार्य सोडून दुपारी बाहेर जेवायची सवय मला नाही, पण मुलगा-सून हौसेनं नेतात तेव्हा नाही कसं म्हणायचं?

जुलैतला रविवार, श्रावण लागायला अजून अवकाश होता. माशेल, आमोणा, डिचोली करत म्हापशाला पोचेपर्यंत पाऊस काही थांबला नाही. बिस्ट्रो म्हणजे जुनं पोर्तुगीजकालीन घर, पुढं बलकांव (बसायचा ओटा), खिडक्यांना काचेऐवजी शिंपले. सगळं नीट राखलेलं. कुणाचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, जेवण उत्तम होतं. तायकिळ्याची (टाकळ्याची) कोवळी पानं पिठात बुडवून अशी कुरकुरीत तळली होती की घरी आल्यावर मी सुनेकडून ती दोनदा करून घेतली. बांधावर फुकट उगवणाऱ्या पाल्याचे पावणेपाचशे रुपये घेतले, तो भाग वेगळा. आम्ही आजवर त्यात फणसाच्या आठळ्या घालून भाजी करण्यापलीकडे गेलो नाही, हा आमचा आळस.

माझी तक्रार मेनूकार्डाबद्दल आहे. मुलगा ते वाचून दाखवत होता. बांगडा, नारळाच्या रसात, ‘लोकल सिचुआन पेपर’ घालून. हे काय असतं म्हणून वाढणाऱ्या मुलाला विचारलं. तो अदबीनं म्हणाला, चीनमध्ये जी मिरी मिळते तसलंच, पण इथलं. ताट आलं, वास आला आणि मला हसूच फुटलं. तिरफळ!

माझ्या विहिरीकडेला तिरफळाची दोन झाडं आहेत. खोडाला एवढे जाड काटे की मांजरसुद्धा चढत नाही. गणेशचवथीच्या आसपास हिरवे घोस धरतात, ते उतरवायला हल्ली माणूस मिळत नाही. मिळाला तर मजुरी आधी ठरवतो आणि झाडाकडे मागाहून बघतो. उन्हात घातली की फळं उकलतात. आतली काळी बी एक एक करून काढून टाकायची, कारण स्वाद असतो तो सालीत. हुमणात (मासळीच्या कालवणात) ती पूड करून घालत नाहीत, कडवट होतं. नुसती ठेचून, कालवण उतरायच्या जरा आधी टाकायची. बांगडा-तारल्यासारख्या तेलकट मासळीला तिच्यासारखी दुसरी जोड नाही. मासळी न खाणाऱ्यांचं खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, तरी तिच्याशिवाय कुठं होतं? शेफनी हे सगळं नेमकं साधलं होतं. साल ठेचलेली होती, कडवटपणाचा लवलेश नव्हता. म्हणजे ज्याला तिरफळ इतकं कळतं, त्यानंच त्याचं नाव गाळलं. सिचुआनची मिरी आणि तिरफळ वनस्पतिशास्त्रात एकाच घराण्यातली आहेत, हे मला ठाऊक आहे. पण मोठ्या घरच्या चुलतभावाचं नाव सांगून आपली ओळख करून द्यायची वेळ आपल्याच गावात का यावी?

त्याच कार्डावर पास्त्यापुढं चीजचं नाव होतं ‘पार्मिजानो रेज्जानो’, टोमॅटो ‘सान मार्झानो’. इटलीतली गावं नावानिशी हजर. खाली मात्र ‘ग्रिल्ड ओकरा, लोकल चिली’. ती भेंडी वीतभर लांब होती. मी काट्यानं उलटी करून शिरा मोजल्या. सात! (सून टेबलाखालून पाय दाबत होती.) म्हणजे पावसात बाजारात येते ती आमची सात शिरांची भेंडी. तिला आणि आगशीच्या वांग्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काणकोणातल्या खोल्याच्या मिरचीला ते २०२०लाच मिळालं होतं, आणि फेणीला तर २००९पासून आहे. मानांकन म्हणजे गावाचं नाव मालाला कायद्यानं चिकटवणं. ते चिकटवायला सरकारदरबारी हेलपाटे घालायचे आणि ताटात येईपर्यंत पुसून टाकायचं, हा कुठला न्याय?

दुसरी ओळ होती ‘आजची मासळी’. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंदी असते, हे गोव्यातलं शेंबडं पोर सांगेल. मग हा आजचा बांगडा आला कुठून? मी विचारलं, वाढणारा मुलगा आत गेला आणि शेफ स्वतः बाहेर आले. मूळ मुंबईचे, मराठी छान बोलत होते. “काकू, बांगडा मेमधला आहे, फ्रीझ केलेला,” असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. आढेवेढे नाहीत. मला माणूस आवडला. माझ्या तोंडून कोंकणीच निघालं, “आनी तिरफळां खंयचीं?” तेही त्यांना कळलं. तिरफळं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक बाई आणते, भेंडीही तिच्याच शेजारणीची, मिरची खोल्याहून. सगळं तोंडपाठ.

“मग हे कार्डावर का नाही?”

ते म्हणाले, बाहेरच्या पाहुण्यांना ही नावं उच्चारायला जड जातात.

जो पाहुणा पार्मिजानो रेज्जानो म्हणू शकतो, त्याची जीभ ‘तिरफळ’ या चार अक्षरांवर अडेल? शाळेत मी पहिलीच्या मुलांकडून याहून अवघड जोडाक्षरं घोटवून घेतली आहेत. मासळीचंही तसंच. ‘मे महिन्यातला बांगडा, साठवलेला’ असं छापलं तर गिऱ्हाईक पळत नाही. नाही तर आपण पावसात खातो तेच ठेवा की: सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान मे महिन्यात भरून ठेवण्यामागं दुसरं कारण काय होतं? त्या शेफच्या हातचं किसमूर खायला मी पुन्हा सावईवेऱ्याहून जाईन, आणि पैसे माझ्या पेन्शनीतून देईन.

कार्डाच्या तळाशी मात्र एक गोष्ट छापली होती, भिंग लागेल एवढ्या अक्षरांत: दहा टक्के सेवाशुल्क. बिलात ते परस्पर लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. मुलानं विचारताच त्यांनी ते निमूट काढलं. न विचारणारे किती असतील, देव जाणे. आम्ही त्यातले पैसे वाढणाऱ्या मुलाच्या हातात दिले.

निघताना शेफनी विचारलं, तुमच्याकडची तिरफळं मिळतील का. चवथीनंतर सुकली की अर्धा किलो पाठवते, असा शब्द देऊन आले आहे. पैसे नकोत म्हटलं. फक्त कार्डावर ‘तिरफळ, सावईवेरे’ एवढं घाला. ते हसले, हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. झाडावर चढणारा माणूस अजून मिळायचा आहे.

— एक कुळागरवाली, सावईवेरे, फोंडा