बोलू लागलेली मुलगी गप्प होते तेव्हा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दीड वर्षाची मुलगी चमचा धरत असते, दोन-चार शब्द बोलत असते. पुढच्या काही महिन्यांत तिला हातात काही धरता येईनासे होते आणि ती हात धुतल्यासारखे एकमेकांवर चोळत राहते. मग घरात मीठ-मिरची ओवाळली जाते, नाहीतर लसीवर खापर फुटते. अशा वेळी रेट सिंड्रोम या मेंदूच्या वाढीच्या जनुकीय विकाराची तपासणी व्हायला हवी. साधारण दहा हजार मुलींत एकीला हा विकार होतो.

दोष असतो एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी२ या जनुकात. १९९९ साली तो सापडला. या जनुकाचे प्रथिन डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणांना चिकटते आणि इतर असंख्य जनुकांनी किती काम करायचे ते ठरवते. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे चटकन कळेल: मोटार ठीक, नळ्या ठीक, पण ठिबकचा व्हॉल्व्ह बिघडला की कुठे पाणी तुंबते, कुठे खोड सुकते.

जन्मानंतर मेंदूपेशींमधले जोड, म्हणजे सिनॅप्स, झपाट्याने वाढतात. जोडावर संदेश आला की पेशीत कॅल्शियम शिरते, त्यातून केंद्रकातली ठरावीक जनुके चालू होतात आणि त्यांची प्रथिने तो जोड पक्का करतात. न वापरलेले जोड छाटले जातात. रेटमध्ये हेच नियंत्रण ढासळते. पेशी मरत नाहीत, पण लहान राहतात, त्यांना फांद्या कमी फुटतात. उलट या जनुकाची जादा प्रत असली तरी गंभीर विकार होतो.

२००७ मध्ये प्रौढ उंदरांत हे जनुक पुन्हा चालू केल्यावर लक्षणे बरीच ओसरली. ते उंदीर होते; मेंदूची टॉनिके विकणाऱ्यांनी त्यावर हक्क सांगू नये.

निदान रक्ताच्या जनुकीय चाचणीने पक्के होते. नुसत्या सिक्वेन्सिंगचा (जनुकाची अक्षरे क्रमाने वाचणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून थांबू नये. जनुकाचा मोठा तुकडाच गळाला असेल तर तो त्यात निसटू शकतो. त्यासाठी जनुकाच्या तुकड्यांच्या प्रती मोजणारी एमएलपीए चाचणी लागते. हा दोष बहुधा नव्यानेच उद्भवलेला असतो, तेव्हा सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत त्यांनी प्रत्येक मुलाच्या डोक्याचा घेर टेपने मोजून कार्डावर लिहावा (रेटमध्ये ही वाढ बऱ्याचदा मंदावते) आणि आईला एवढे जरूर विचारावे: आधी येत असलेली कुठली गोष्ट मूल आता विसरले आहे का?

– मेंदूविज्ञानाचे अभ्यासक, जळगाव